‘मांजरांवर अन्याय केलात’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एका खोलीत तीन मांजरांसाठी घर कसं लावलं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले होते. पहिल्या चार ओळींत मी नुसती स्वतःची बाजू मांडत होते, म्हणून थांबले. आज शांतपणे लिहिते आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तीन खोल्यांचं घर सोडून एका खोलीत राहायला येताना काजळ, ढब्या आणि चिंगी ही तिन्ही मांजरं बरोबर आणणं हा माझा स्वार्थ आहे. भिंतीला फळ्या ठोकल्याने घर मोठं होत नाही. मांजरं गप्प आहेत म्हणजे ती रुळली, असं धरून चालू नये. वेळेवर चांगली घरं शोधून निदान दोघांना तरी द्यायला हवं होतं. शेवटी तुम्ही तुमच्या मांजरीचं लिहिलंत. आधी तिला अंगण होतं. लहान घरात आल्यावर पाच महिने ती फक्त खाण्यापुरती पलंगाखालून बाहेर यायची, आणि ओळखीच्यांच्या अंगणाच्या घरी दिल्यावर आठवड्याभरात पहिल्यासारखी झाली.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ‘पहिला आठवडा तिघंही शहाण्यासारखी शांत होती’ असं मी लेखात लिहिलं होतं. ते वाक्य मी आता काढलं आहे. ती शांत नव्हती, भेदरलेली होती. तुमची प्रतिक्रिया वाचून मी त्या आठवड्यातले फोटो पुन्हा उघडले. काजळ कपाटावर बसली आहे. चारही पाय पोटाखाली घेतलेत, पण पंजे खाली टेकलेले, एका झेपेत उठता येईल असे. डोळे मिटलेले आणि कान दोन वेगळ्या दिशांना वळलेले. खरंच झोपलेलं मांजर असं दिसत नाही. ते कुशीवर कलंडतं, पाय सैल सोडतं, पोट उघडं पडलं तरी त्याला फिकीर नसते. घाबरलेलं मांजर मात्र झोपेचं सोंग घेऊ शकतं. अकरा वर्षं काजळ माझ्याजवळ आहे, तरी मला ते ओळखता आलं नाही.

लपण्याबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणायचं आहे. नव्या जागी मांजर लपलं की आपल्याला वाटतं, त्याला बाहेर काढावं, मांडीवर घ्यावं, म्हणजे धीर येईल. उलटच होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या 19 मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला, बाकीच्यांना जास्त वेळ लागला. म्हणून मी तिघांसाठी तीन खोकी ठेवली होती, आणि त्याचं मला आजही समाधान आहे. पण पाच महिने पलंगाखाली राहणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे लपणं हा काही दिवसांचा आधार राहत नाही, तेच त्या मांजराचं सगळं जगणं होऊन बसतं. तुम्ही ते ओळखलंत आणि तिला दिलंत, हे योग्यच केलंत. ‘मी तिला टाकलं असं अजून वाटतं’ हे तुमचं वाक्य वाचून वाईट वाटलं. तुम्ही तिला टाकलं नाहीत. तिचं अंगण गेलं होतं, ते तुम्ही तिला परत मिळवून दिलंत.

आता जे मी लेखात लिहिलंच नव्हतं ते. ढब्या आजारी पडला होता.

नव्या घरात तिसरा आठवडा चालू होता. रात्री लिटर ट्रेमध्ये, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी वाळूसारखे दाणे भरून ठेवलेल्या पसरट भांड्यात, उकरल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा आला, मग पुन्हा. उठून पाहिलं तर ढब्या ट्रेमध्ये बसला होता, पाठ वाकवून, जोर करत. उठून दोन पावलं जायचा, वळायचा, परत बसायचा. लिटरमध्ये नखाएवढा ओला ठिपका होता, तोही गुलाबीसर. पोटाला हात लावला तर आजवर कधी न काढलेला आवाज त्याने काढला. तेवढ्या रात्री त्याला डॉक्टरांकडे नेलं. लघवीची वाट तुंबली होती, नळी घालून मोकळी करावी लागली. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते आणि ती पूर्ण तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. तो वारंवार बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका.

तपासणीत जंतुसंसर्ग निघाला नाही, खडेही निघाले नाहीत. निघाली ती मूत्राशयाची सूज. ही सूज अनेक मांजरांना ठोस कारण न सापडता येते आणि तिचा ताणाशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात याच आजाराच्या 46 घरगुती मांजरांवर केलेलं काम 2006 साली प्रसिद्ध झालं. मालकांना घरात बदल करायला सांगितले होते, आणि दहा महिन्यांच्या पाठपुराव्यात त्रास बराच कमी झालेला दिसला. डॉक्टरांनी मलाही औषधांइतकेच घराबद्दल प्रश्न विचारले. ट्रे किती, कुठे, तिथे जायची वाट कुठून.

मी दोन्ही ट्रे बाथरूममध्ये शेजारी-शेजारी ठेवले होते. जागा नाही म्हणून, आणि वास बाहेर येऊ नये म्हणूनही. मला वाटत होतं ट्रे दोन आहेत. मांजराच्या लेखी शेजारचे दोन ट्रे म्हणजे एकच ठिकाण, आणि त्या ठिकाणाला दार एकच. त्या दाराच्या उंबऱ्यावर चिंगी बसायची. फिस्कारत नव्हती, पंजा उगारत नव्हती. पायांभोवती शेपटी गुंडाळून नुसती बसायची आणि ढब्या आला की त्याच्याकडे पाहायची. तो अर्ध्या वाटेवर थांबायचा, भिंतीकडे तोंड फिरवून उगाच अंग चाटायचा आणि परत फिरायचा. हे मी रोज पाहत होते आणि किती गुणाची आहेत, भांडत नाहीत, असं समजत होते. मांजरांचं बरंचसं भांडण असंच बिनआवाजाचं असतं. एक वाट अडवतं, दुसरं माघार घेतं. ढब्या दिवस-दिवस लघवी दाबून ठेवत होता.

हे मी लेखातून वगळलं, कारण मला त्याची लाज वाटत होती. घर लावल्याचे फोटो टाकले आणि हे गाळलं. तुम्ही ‘गोड चित्र’ म्हणालात, त्याचा राग येण्याचं मला काही कारण नव्हतं. आता तो सगळा भाग लेखात घातला आहे.

पण मांजरांसाठी जागा म्हणजे चौरस फूट, या तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि ते ढब्याच्या आजारामुळेच. आधीच्या घरात एकूण जागा तिप्पट होती, पण मला मांजरांच्या उपयोगाचं त्यात काय होतं ते इथे आल्यावर समजलं. स्वयंपाकघराला दोन दारं होती. एक मांजर एका दारातून आलं तर दुसरं दुसऱ्या दारातून निघून जायचं. समोरासमोर यायची वेळच येत नव्हती. इथे खोलीला एक दार, बाथरूमला एक दार, स्वयंपाकाचा ओटा एका कोपऱ्यात. जिकडे जावं तिकडे वाट संपलेली. मांजरांची अडचण झाली ती इथे.

1996 सालचा एक अभ्यास मला फार आवडतो. एकाच बैठ्या घरात राहणाऱ्या 14 मांजरांचं निरीक्षण त्यात केलं आहे. ती एकमेकांच्या नात्यातली नव्हती, तरी मारामाऱ्या जवळपास नव्हत्या. त्यांनी घर वाटून घेतलं होतं, आणि नुसत्या जागेने नाही, वेळेनेही. एकच आवडती जागा एका वेळी एकाची, दुसऱ्या वेळी दुसऱ्याची. हे मी वाचलं तेव्हा ढब्या दवाखान्यात होता, आणि मी वहीत आमच्या खोलीचा नकाशा काढून कोण कुठे कधी असतं ते लिहायला लागले.

त्यातून फळ्यांचा खरा उपयोग लक्षात आला. तुम्ही म्हणता तसं फळीने घर मोठं होत नाही. पण फळी ही वाट असते. माझी पहिली फळी कपाटापासून खिडकीपर्यंत जाऊन तिथेच संपत होती. काजळ टोकाला बसली की चिंगी मागून यायची, आणि काजळला ना पुढे जाता यायचं ना मागे. म्हणजे मी तिच्यासाठी उंचावर कोंडी तयार करून ठेवली होती. आता खिडकीच्या बाजूने उतरायला तीन पायऱ्या आहेत, वीतभर अंतरावर, कारण काजळच्या मागच्या पायांचे सांधे दुखतात आणि तिला उडी नको असते. म्हाताऱ्या मांजरांत संधिवात खूप आढळतो, फक्त ती लंगडत नाहीत, उंच जाणं हळूच सोडून देतात. त्यामुळे उंची दिली की झालं, हा सल्ला म्हाताऱ्या मांजराला उपयोगाचा नाही. कपाटावरून पलंगाकडे उतरायला दुसरी वाट केली आहे. एका टोकाने कुणी आलं तर दुसऱ्या टोकाने जाता येतं. बाकी फळ्यांचं दिसणं वगैरे मला आता सुचतही नाही.

ट्रे तीन केले आणि वेगळे केले. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असा संकेत आहे, म्हणजे चार हवेत. चौथ्याला खरंच जागा नाही, म्हणून दिवसातून तीनदा साफ करते. एक बाथरूममध्ये, पण आता दार काढून टाकलं आहे आणि पडदा लावला आहे. एक पलंगाच्या पायथ्याशी, एक ओट्यापासून सगळ्यात लांबच्या भिंतीला. हो, झोपायच्या खोलीतच लिटर आहे. तुम्हाला ते घाण वाटेल, मला सवय झाली. झाकणाचे ट्रेही काढले, कारण झाकणाच्या आत गेलेल्या मांजराला बाहेर कोण बसलंय ते दिसत नाही. खाण्याच्या वाट्याही तीन ठिकाणी, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा. मांजर एकट्याने शिकार करणारा आणि एकट्याने खाणारा प्राणी आहे. तीन वाट्या ओळीत मांडण्याची हौस आपली असते.

मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी 2013 साली घरातल्या मांजरांच्या गरजांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पाच गोष्टी आहेत. सुरक्षित जागा, एकमेकांपासून लांब ठेवलेल्या एकाहून अधिक सोयी, शिकारीसारखा खेळ, माणसाचं सातत्याचं वागणं आणि वासाचा मान. खोलीचं क्षेत्रफळ त्या पाचांत नाही. शेवटच्या गोष्टीत मी आणखी एक चूक केली होती. नव्या घरात सगळं स्वच्छ असावं म्हणून सामान बांधण्याआधी त्यांची पांघरुणं, गाद्या, सगळं धुतलं. मांजर गाल घासून घासून घराला आपला वास लावतं, त्यावरून ते घर आपलं म्हणून ओळखतं. मी तो वास धुऊन काढला आणि तिघांना परक्या वासाच्या परक्या खोलीत आणून सोडलं. घर बदलणाऱ्यांनो, मळलेली पांघरुणं तशीच आणा.

खिडकीतून मांजर पडेल ही तुमची काळजी रास्त आहे. जाळी पहिल्याच दिवशी बसवली. मांजर पडत नाही, ही समजूत खोटी आहे. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 1987 साली इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. बहुतेक वाचली होती, तरी छातीला आणि जबड्याला मार लागलेली कितीतरी होती.

राहिला दोघांना देऊन टाकण्याचा मुद्दा. मी विचार केला होता, सामान बांधायच्या आधी दोन महिने. काजळ अकरा वर्षांची, सांधेदुखीची. ढब्या पिल्लू होता तेव्हापासून तिच्या कुशीत झोपतो, अजूनही. त्या दोघांना तोडून एकाला नव्या माणसांकडे पाठवणं हे एका खोलीपेक्षा मोठं दुःख ठरलं असतं, असं मला आजही वाटतं. मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं, असं म्हणतात. काजळ या खोलीत पहिल्यांदा कुशीवर सैल होऊन झोपली ती ढब्या दवाखान्यातून परत आला त्या दुपारी.

चिंगीच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मी मोडून काढू शकत नाही. ती तीन वर्षांची आहे, तिला दुसरी मांजरं मनापासून कधी नको होती, आणि मोठ्या घरात ते खपून गेलं. दुसऱ्या महिन्यात तिने पोट चाटून चाटून रुपयाएवढा भाग उघडा केला. पिसवा नाहीत, त्वचेचा रोग नाही, लघवी साफ आहे, हे डॉक्टरांनी तपासलं. उरला ताण. वाट अडवणारी तीच, आणि त्रासातही तीच, हे समजायला मला वेळ लागला.

तिच्यासाठी एक शांत घर मी बघून ठेवलं आहे, जिथे दुसरं मांजर नाही. ती माणसं दोनदा येऊन तिच्याशी खेळून गेली. डॉक्टरांशी बोलून असं ठरलं आहे की नवी मांडणी करून दोन महिने पूर्ण होईपर्यंत पाहायचं. तोवर पोटावरचा तो उघडा भाग भरला नाही किंवा दुसरीकडे चाटायला लागली, तर ती तिकडे जाईल, आणि मी तिला स्वतः सोडून येईन, तिच्या न धुतलेल्या पांघरुणासकट. आज सहा आठवडे झाले. सकाळी ती खिडकीत आडवी झाली होती तेव्हा पोटावरून बोट फिरवून पाहिलं. कडेने बारीक लव आली आहे. मधला भाग अजून उघडाच आहे.