जगाला टोपी कशी घालावी

कंपनी काढायचा विचार आहे? मग आधी राजा गाठा. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स त्यातल्या त्यात उदार. १६६८ मध्ये त्याने हुंड्यात मिळालेली मुंबई वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. २ मे १६७० रोजी हडसन्स बे कंपनीला तर आजच्या कॅनडातल्या हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा अख्खा मुलूख दिला, आजच्या भारताहून मोठा. भाडं? राजाची स्वारी तिकडे आलीच, तर दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (नदीत राहणारे, दाट केसांचे कुरतडे प्राणी). अडीचशे वर्षं स्वारी येत नाही, निश्चिंत राहा. मुलूख त्याचा नव्हताच, म्हणून तर हात एवढा सैल सुटला. तिथे राहणाऱ्या क्री लोकांना विचारत बसू नका. सनद लंडनमध्ये लिहिली जाते.

आता माल. युरोपातले बीव्हर टोप्यांपायी जवळपास संपलेत, तेव्हा अमेरिकेतल्यांकडे वळा. बीव्हरच्या आतल्या मऊ लवेचं फेल्ट, म्हणजे टोपीचं दाबून केलेलं कापड, झकास होतं. अडचण असते ती वरच्या राठ केसांची. ते काढायला मजूर लावू नका. क्री माणसं कातड्यांची वस्त्रं केसांची बाजू आत ठेवून एक-दोन हिवाळे वापरतात, राठ केस आपोआप झडतात आणि अंगाच्या तेलाने लव मुरते. अशी जुनी वस्त्रं चढ्या भावाने घ्या. ज्या सरदाराच्या डोक्यावर ती टोपी जाणार, त्याच्या कानावर मात्र हे घालू नका. टोपी कारखान्यात पुढे पारा वापरतील आणि कामगारांचे हात कापू लागतील. थंडी फार आहे म्हणा.

पैसे छापायची गरज नाही. एक चांगली बीव्हरची कातडी हेच चलन. बंदूक, किटली, कांबळं, सगळ्याचा भाव कातड्यांत. दर लंडनने बांधून दिलेले असतात, पण दारूचं माप तुमच्याच हातात असतं.

स्पर्धक आला तर आधी मारामाऱ्या करा, मग भागीदारी. मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीशी १८२१ मध्ये तेच झालं. अमेरिकन शिकारी हटत नसतील तर हडसन्स बेच्या गव्हर्नर जॉर्ज सिम्पसनचा तोडगा वापरा: अमेरिकेच्या वायव्येतल्या स्नेक नदीच्या खोऱ्यातले बीव्हर इतके मारा की कोणाला यायचं कारणच उरू नये. ओसाड प्रदेशाला पहारा लागत नाही.

१८३७ मध्ये अमेरिकन फर कंपनीच्या मालाबरोबर मिसूरी नदीतून आगबोटीने देवीची साथही वर नेली. नदीकाठचे मंडन लोक जवळजवळ नाहीसे झाले. अशा गोष्टींसाठी खतावणीत रकाना नसतो.

मुख्य कसब बाहेर पडण्यात. अमेरिकन फर कंपनी काढणारा जॉन जेकब ॲस्टर १८३४ मध्ये तिच्यातून निघाला, न्यूयॉर्कच्या जमिनींत पैसा ओतत राहिला आणि अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मेला. तोवर साहेबलोकांना रेशमी टोपीचा नाद लागला होता. तुम्हाला उशीर झालाच, तर फुकटात मिळालेला मुलूख विका. १८७० मध्ये कॅनडाने हडसन्स बेला ३ लाख पौंड मोजले, वर सुपीक जमिनीचा वाटाही कंपनीकडेच राहू दिला. मग शहरांत दुकानं थाटा. ती २०२५ पर्यंत टिकतात.