घटस्फोटाच्या कागदावरची सही आणि एक चुकीचा मेसेज

परस्पर संमतीने घटस्फोट घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज फिरतोय. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्यात. एकदा सही झाली की पोटगीच्या आणि मुलांच्या अटी कधीच बदलत नाहीत. नोकरी गेली की पोटगी आपोआप थांबते. आणि मुलाला भेटू दिलं नाही तर पैसे रोखता येतात. तिन्ही चूक आहेत, आणि या चुकीची किंमत मुलं मोजतात.

पहिल्या मुद्द्याने सर्वात जास्त नुकसान होतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत फीच्या पावत्या, घड्या पडून मऊ झालेल्या. मुलगा बालवाडीत असताना कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी सही केलेल्या अटींच्या कागदात) लिहिलेलं, ‘शिक्षणासाठी दरमहा 3,000 रुपये’. मुलगा आता अकरावीत, रक्कम तीच. ‘सही केली होती ना, म्हणून विचारलंच नाही कुणाला,’ त्या म्हणाल्या.

विचारायला हवं होतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 प्रमाणे परिस्थिती बदलल्याचं दोघांपैकी कुणीही दाखवून दिलं, तर न्यायालय पोटगी वाढवू, घटवू किंवा रद्द करू शकतं. मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांसाठी कलम 26 आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) झाल्यानंतरही तिथे अर्ज चालतो. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. संमतीने घटस्फोट झालेला, मुलगा आईकडे, पुढे आईला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. न्यायमूर्ती स्वतः मुलाशी बोलले आणि त्याला आईबरोबर जाऊ दिलं. ताब्याच्या अटी संमतीच्या असल्या तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतात, हे तिथे स्पष्ट झालं.

वाढीव रक्कम मात्र साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्या बाईंची मधली वर्षं गेली ती गेलीच. मला याचाच राग येतो.

पत्नीने स्वतःसाठी एकरकमी पैसे घेऊन ‘पूर्ण आणि अंतिम’ लिहून दिलं असेल, तर ते पुन्हा उघडणं खरंच अवघड असतं. पण आईच्या सहीने मुलाचा हक्क संपत नाही.

दुसरा मुद्दा. नोकरी गेली म्हणून आदेश थांबत नाही. न्यायालय बदलेपर्यंत थकबाकी चढतच राहते. नोकरी जाताच कामावरून कमी केल्याचं पत्र आणि बँकेचे उतारे जोडून अर्ज करा. सहा महिने गप्प बसून मग ‘माझ्याकडे नव्हतेच’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जाणं कठीण.

तिसरा तर दोन्ही बाजूंनी वापरला जातो: ‘भेट नाही तर पैसे नाहीत’, ‘पैसे नाहीत तर भेट नाही’. या दोन गोष्टी कायद्यात एकमेकींना बांधलेल्या नाहीत. भेट अडवली तर भेटीसाठी अर्ज करायचा, पैसे थकले तर वसुलीसाठी दरखास्त (आदेश अमलात आणण्याचा अर्ज). दरखास्तीत पगारावर जप्ती आणता येते. पोटगीचा आदेश फौजदारी कलमाखाली (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144) झाला असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यावा लागतो. ही मुदत पुष्कळजण चुकवतात. आणि पोटगी थकवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलं तरी थकबाकी फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच सांगितलंय.