शून्य बाळ, अर्धं पोर आणि एक खोली

ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा विचार आहे? मग राहायची काळजी अजिबात करू नका. १९९९ चा कायदाच आहे, हातात पैसा नसेल तर सरकार छप्पर देतं, फक्त कुठलं ते विचारायचं नाही. गाव ते ठरवणार, खोली ते ठरवणार आणि शेजारच्या कॉटवर कोण घोरणार तेही तेच. त्याची भाषा तुम्हाला येत नाही? उत्तमच की, भांडण होणार कसं!

खोलीत दाटी वाटली तर तो तुमचा भ्रम समजा. १९८५ चा हाउसिंग अ‍ॅक्ट बघा, गर्दी मोजायचा हिशोब त्यात आहे, आणि तो मुळात १९३५ चा. एक ते दहा वर्षांचं पोर म्हणजे अर्धा माणूस, वर्षाच्या आतलं बाळ म्हणजे शून्य, शिवाय बसायची खोलीही झोपायची म्हणून धरायची. आता रात्री तीन वाजता ते शून्य रडायला लागतं, अर्ध्याला उठवतं आणि मग घरातली सगळी पूर्ण माणसं सकाळपर्यंत टक्क जागी, पण कागदावर गर्दी नाही म्हणजे नाही!

२०१८ पासून इंग्लंडात लायसन्सवाल्या शेअरिंगच्या घरांना नियम आला, दोन मोठ्यांच्या खोलीला किमान १०.२२ चौरस मीटर जागा हवी. नियम नडतोय म्हटल्यावर २०२३ मध्ये सरकारने काय केलं माहितीये? खोल्या वाढवल्या? छे हो, आश्रय मागणाऱ्यांच्या घरांना लायसन्सच नको असा प्रस्ताव आणला. तो पुढे मागे घ्यावा लागला, पण डोकं बघा ना काय लावलं होतं.

हवापालट हवा असेल तर बार्ज होती की, म्हणजे पाण्यावर तरंगतं वसतिगृह, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडला, २२२ खोल्यांत ५०६ माणसं बसवायचा प्लॅन. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिले लोक चढले आणि थोड्याच दिवसांत पाण्यात लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जंतू सापडला म्हणून उतरले. त्याआधी केंटमधल्या नेपिअर बॅरॅकमध्ये तर ओळीने कॉट टाकून लोकांनी खोलीबरोबर कोविडही वाटून घेतला, जून २०२१ मध्ये हायकोर्टाने ती व्यवस्था बेकायदा ठरवली. कोर्टाला शेअरिंगची मजा कळत नाही, दुसरं काय.

एकटं वाटेल ही भीती तर सोडाच. अर्ज केल्यापासून वर्षभर कामाची परवानगीच मागता येत नाही, म्हणजे सगळे दिवसभर घरात, एकाच वेळी. तरी काही म्हणणं असेलच तर फुकटची हेल्पलाइन आहे. तेवढा फोन पॅसेजमध्ये उभं राहून करा, खोलीत कुणीतरी झोपलेलं असतं.