दोह्यात सावली कुठे मिळते?

कतारच्या राजधानीत, दोह्याला, पाहुणे आले की पहिली फर्माईश ठरलेली. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, उभं राहून वेस्ट बे या भागातल्या उंच टॉवर्ससोबत फोटो! काढून देतो. रात्री दिवे पाण्यात उतरतात तेव्हा छानच दिसतं. पण इमारतींचं एसीचं काम हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे त्यातले बरेचसे टॉवर मला मुळीच पटत नाहीत. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात खालपासून वरपर्यंत काच लावायची आणि मग आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला चिलर (एसीचं थंड पाणी करणारी मोठी यंत्रं) पळवत बसायचं. (आमचं दुकान त्यावरच चालतं, तरीही.)

त्याच गर्दीत फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ नूव्हेलचा बुर्ज दोहा हा टॉवर आहे, २०१२ चा. काच तिथेही आहे, पण बाहेरून अॅल्युमिनियमची नक्षीदार जाळी चढवली आहे. उत्तरेला ती विरळ आणि पूर्व-पश्चिमेला, जिथे ऊन तिरपं मारतं तिथे, दाट. जुन्या अरबी घरांच्या मश्रबिया, म्हणजे लाकडी जाळीच्या, खिडक्यांचंच हे काम. नूव्हेलचंच २०१९ चं राष्ट्रीय संग्रहालय मात्र मला नाकापेक्षा मोती जड वाटतं. वाळवंटी गुलाबासारख्या (वाळूत तयार होणारा पाकळ्यांसारखा स्फटिक) ५३९ तबकड्या एकमेकींत घुसवल्यात. बाहेर त्यांची सावली मस्त पडते, पण आत एक भिंत सरळ नाही, आणि मांडलेल्या वस्तूंपेक्षा छताकडेच लक्ष जातं.

खरं शहाणपण बघायचं तर सूक वाकिफ या जुन्या बाजारात जुन्या पद्धतीने बांधलेल्या छपराखाली मान वर करा. गोल वासे, त्यावर बांबूच्या पट्ट्या, चटई आणि वर माती. वाळवंटात लाकूड कुठलं, ते खारफुटीचे वासे पूर्व आफ्रिकेतून जहाजाने यायचे. वाशाच्या लांबीवर खोलीची रुंदी ठरायची, तीनएक मीटर. जाड भिंती, मधे चौक, पुढे पडवी. खिशाला परवडेल आणि उन्हाला पुरेल एवढंच.

हे सगळं नव्याने जमवलंय ते शेजारच्या मुशैरेबमध्ये. ३१ हेक्टरचा अख्खा भाग पाडून पुन्हा बांधला. रस्ते मुद्दाम अरुंद आणि समुद्राचा वारा आत येईल अशा दिशेने, खिडक्या भिंतीत खोल, गाड्या आणि मालाचे ट्रक तळघरात. बराहा चौकावर तर सरकतं छप्पर आहे. जूनच्या दुपारी मी तिथून चालत गेलोय. घाम येतो, नाही असं नाही, पण माणूस चालू शकतो. वेस्ट बेमध्ये त्याच वेळी समोरच्या बिल्डिंगमध्ये जायलाही लोक गाडी काढतात.

पण मुशैरेबचं नुसतं कौतुक करून थांबवत नाही. इथल्या अल कहरबा स्ट्रीटवर दोह्यात सगळ्यात आधी वीज आली. पुढे कतारी कुटुंबं शहराबाहेर मोठ्या व्हिलांमध्ये गेली आणि या गल्ल्यांत आपल्याकडचे, नेपाळचे, बांगलादेशचे कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहू लागले. ती वस्ती उठली. चार जुनी घरं राखून त्यांची संग्रहालयं केली. त्यातल्या बिन जेलमूद हाऊसमध्ये गुलामगिरीचा इतिहास उघडपणे मांडलाय, त्याला दाद द्यायलाच हवी. मात्र नव्या अपार्टमेंटची भाडी त्या जुन्या भाडेकरूंच्या आवाक्यातली नाहीत.

आणि बांधणाऱ्याचं काय? २०२१ पासून कायदा कडक झाला. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. चांगलंच झालं. पण साडेतीनला गच्चीवर पुन्हा काम सुरू होतं तेव्हा हातमोज्याशिवाय पाइपाला हात लावून दाखवा! इमारत पूर्ण झाल्यावर तिची सावली किती अंश तापमान कमी करते याचे रंगीत तक्ते प्रेझेंटेशनमध्ये असतात, चार-चार वर्षं चालणाऱ्या बांधकामातल्या सावलीबद्दल एक ओळ नसते. साइटवरची शेड, पंखे, थंड पाणी हे सगळं बीओक्यूमध्ये (कामाच्या बाबी, परिमाणं आणि दरांच्या यादीत) वेगळा आयटम म्हणून दरासकट यायला हवं. आज ते 'किरकोळ'मध्ये जातं, आणि दर खाली आणायचा म्हटलं की काँट्रॅक्टरची पहिली काट तिथेच बसते.