काय काय घालू, सर?

बाहेर जेवायला जायचं ते नावं ठेवायला, असं आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलं आहे. जेवण हे निमित्त. खरा कार्यक्रम परतीच्या वाटेवर सुरू होतो. पनीर रबरी होतं, एवढ्या पैशांत घरी पातेलंभर झालं असतं, पापड मात्र चांगला होता. या शेवटच्या वाक्यात पापडाचं कौतुक नसतं, बाकी सगळ्याचा पंचनामा असतो. माझे वडील लग्नाआधी लालबागला एका खानावळीत जेवायचे. तिथल्या बाईंच्या आमटीला त्यांनी सहा वर्षं नावं ठेवली आणि सहा वर्षांत खानावळ एकदाही बदलली नाही. बाईंनाही त्याचं काही वाटत नसावं. ज्या दिवशी ते गप्प जेवले त्या दिवशी त्यांनी म्हणे विचारलं होतं, "बरं नाही का?"

अशा घराण्यातल्या माणसाने त्या सँडविचच्या दुकानात पाय ठेवायला नको होता.

दुकान कोथरूडातच, एका मॉलच्या तळमजल्यावर. नाव सांगत नाही, उगाच कशाला. लांबलचक काच, काचेपलीकडे स्टीलच्या खणांत चिरलेल्या भाज्या आणि भाज्यांमागे टोपी घातलेला एक मुलगा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लग्नातला बुफेच वाटला. पण बुफेत ताट आपल्या हातात असतं. इथे काचेच्या अलीकडून आपण सरकायचं, पलीकडून आपलं सँडविच सरकतं, आणि तो मुलगा दोघांना हाकत नेतो.

"ब्रेड कुठला, सर?"

"ताजा," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने चार-पाच नावं घेतली. त्यातलं मला 'इटालियन' तेवढं नीट ऐकू आलं, म्हणून मी इटालियन म्हणालो. आम्ही वाढलो त्या भागात पाव दोन प्रकारचे, नरम आणि कडक. तिसरा ब्रून, तो इराण्याकडे जाऊन खायचा. पावाला राष्ट्रीयत्व असतं हे मला पन्नाशीनंतर कळलं.

"सहा इंच की बारा?"

पाव लादीने घेतात. इंचात मोजून घ्यायच्या गोष्टी म्हणजे पाइप, टीव्ही आणि पडद्याचं कापड. सहा इंच म्हणजे नेमका किती पाव, हे मी काचेवर बोटं ताणून पाहत होतो, तेवढ्यात मागे कोणीतरी उसासा टाकला. वळून पाहिलं तर कानात बोंडं घातलेली एक मुलगी आणि तिच्यामागे आणखी सहा जण. एवढ्या लोकांच्या साक्षीने मला याआधी फक्त बोहल्यावर प्रश्न विचारले गेले होते, आणि तिथेही काय म्हणायचं ते भटजी आधी सांगत होते.

यानंतर मी फक्त 'हो' म्हणत गेलो. टोस्ट करू? हो. चीज? हो. लेट्यूस, काकडी, टोमॅटो, ऑलिव्ह? हो, हो. जालापिनो? (याचा उच्चार 'हालापेन्यो' असा आहे, हे मुलीने नंतर घरी सुनावलं. लिहायचं ज आणि म्हणायचं ह, ही स्पॅनिश लोकांची खोड त्या मिरचीपेक्षा झोंबते.) पंगतीत बसलेल्या माणसाला वाढप्याला थोपवायचं असलं की तो पानावर आडवा हात धरतो. मला तेवढं एकच तंत्र येतं. आणि इथे मध्ये काच.

"सॉस कुठला घालू, सर?"

"कुठले आहेत?" असं मी विचारलं आणि फसलो. त्याने एकेक बाटली उचलून नाव सांगायला सुरुवात केली आणि मी प्रत्येक नावावर, समजलं अशा अर्थी, मान हलवत राहिलो. त्याने ती मान संमती म्हणून घेतली. मोहरीचा, पुदिन्याचा, गोड कांद्याचा, एक धुरकट मेक्सिकन आणि वरून मेयोनीज. शेवटची बाटली खाली ठेवताना त्यालाच जरा गलबलून आल्यासारखं दिसलं.

"मील करून देऊ, सर?"

आता माझं बालपण लालबागचं. मिल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भोंगा येतो. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा वडील मिलमध्येच होते. मिल एकदा बंद पडली की काय होतं ते मी घरात पाहिलेलं आहे. मी घाईघाईने नको म्हणालो. त्या दिवसातला माझा पहिला नकार. मील म्हणजे सोबत एक बिस्किट आणि थंड पेय, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे पाहिल्यावर कळलं.

सँडविच कसं होतं विचारू नका. पहिला घास गोड, दुसरा आंबट, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी, आणि चौथ्या घासाला आतला टोमॅटो मागच्या बाजूने निसटून शर्टावर. मनातल्या मनात मी परतीच्या वाटेवरचं भाषण तयार करू लागलो. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत सुरू केलं, "अगं, काय भयंकर प्रकार! पाच-पाच सॉस एकात एक..."

"पाच सॉस घाला म्हणून सांगितलं कोणी?" बायकोने विचारलं.

मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्या दुकानाची सगळी हुशारी मला त्या क्षणी कळली. साध्या हॉटेलात आचारी असतो. मीठ त्याने टाकलेलं असतं, तिखट त्याच्या हातून पडलेलं असतं, आणि त्या बदल्यात तो तुमच्या शिव्या न ऐकता खातो. इथे आचारीच नाही. पाव तुम्ही निवडला, भाजी तुम्ही सांगितली, सॉस तुमच्या संमतीने पडला. बिघडलं तर तुम्ही बिघडवलंत. पैसे द्यायचे, वर ५ टक्के जीएसटी भरायचा आणि नावं ठेवायला घरी आलात की आरोपी तुम्हीच.

सँडविच नावाची गोष्ट निघाली तीच मुळी डोक्याला ताप नको म्हणून. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन माँटेग्यू हा सँडविच गावाचा चौथा अर्ल होता. पत्त्यांच्या डावावरून उठायला नको म्हणून त्याने पावाच्या दोन कापांत मांस घालून मागवलं, अशी कथा सांगतात. त्याच्या नोकराने 'ब्रेड कुठला, हुजूर?' म्हणून विचारलं असतं तर अर्लाने हातातले पत्ते त्याच्या तोंडावर फेकले असते.

आणि मी सँडविच कधी खाल्लंच नव्हतं असंही नाही. माटुंग्याला कॉलेजात होतो तेव्हा फाटकाबाहेर आमचा सँडविचवाला उभा असायचा. त्याने तीन वर्षांत मला एक प्रश्न विचारला नाही. पावाच्या स्लाइसवर लोणी एका फटक्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यावर हिरवी चटणी, मग उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा आणि आरपार दिसेल इतकी पातळ बिटाची चकती. मधूनमधून डब्यातला मसाला चिमटीने. हे सगळं तो गिऱ्हाइकाकडे न बघता, बस पकडायला धावणाऱ्या मुलींकडे बघत करायचा. मग ते लांब दांड्याच्या साच्यात दाबून शेगडीवर. कापून, वर शेव पसरून कागदावर हातात. एकदा मी धीर करून म्हणालो, "बीट नको." त्याने हातातली सुरी थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजतागायत बीट खातो. त्याच्या चटणीला मात्र आम्ही रोज नावं ठेवायचो. त्याच्या तोंडावर! तो वर आणखी एक चमचा चटणी थापून द्यायचा.

असो. मी हट्टाला पेटलो. दुसऱ्या खेपेला पूर्ण तयारीनिशी गेलो. मुलीकडून उत्तरपत्रिकाच लिहून घेतली होती. मल्टीग्रेन, सहा इंच, टोस्ट, कांदा नको, ऑलिव्ह जास्त, सॉस एकच. रांगेत उभा राहून ती पाठ करत होतो. माझी पाळी आली आणि मी एका दमात सगळं म्हणून दाखवलं.

"मल्टीग्रेन संपलंय, सर."

पहिल्याच प्रश्नाला अभ्यासक्रमाबाहेरचं आलं की पुढचं सगळं विस्कटतं. मी पुन्हा इटालियनवर आलो. ऑलिव्ह होते. त्याने मोजून चार चकत्या ठेवल्या. मी म्हणालो, जरा जास्त. त्याने पाचवी ठेवली. इथे माझ्यातला मध्यमवर्गीय गोठला. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या काड्या हक्काने ओढून घेणारा मी, त्या काचेपुढे 'अजून दोन टाक की रे' म्हणू शकलो नाही. 'एक्स्ट्राचे वेगळे पैसे' हे वाक्य तो म्हणेल आणि मागची रांग ते ऐकेल, या भीतीने मी पाच चकत्यांवर तह केला. सहा इंचांत पाच. म्हणजे शेवटचा इंच कोरडा.

तिसऱ्या खेपेला आई सोबत होती.

श्रावण चालू होता. मुलीचा वाढदिवस, तिला तिथेच जायचं होतं, आणि आई ऐंशीच्या घरातली असली तरी 'तुम्ही जा, मी घरी वरणभात खाते' म्हणणाऱ्यांतली नाही. काचेपाशी आली, सगळे खण डावीकडून उजवीकडे नीट पाहून घेतले आणि मुलाने 'ब्रेड कुठला' म्हणण्याआधीच तिने सुरुवात केली.

"हे चिरलंय कधी?"

"सकाळी, आज्जी."

"काकडी कडू आहे का बघितलीस?"

तो गप्प. काकडीचं टोक चोळून कडूपणा काढतात, ही बातमी त्याच्या ट्रेनिंगमध्ये दिलेली नसावी.

"आणि बाळा, आत्ता त्या पलीकडच्या कोंबडीला हात लावलास ना, तोच हात इकडे लावू नकोस हं. श्रावण आहे."

मी मान खाली घालून फरशी मोजू लागलो. गेल्या दोन्ही खेपांना मी हे पाहिलं होतं. त्याच मोज्यांनी तो कोंबडीच्या खणातून भाज्यांच्या खणात येत होता, मधे कार्डाचं यंत्रही हाताळत होता. पण बोलायचं कसं म्हणून गप्प बसलो होतो. मुलाने एक अक्षर न बोलता मोजे काढून टाकले, नवे चढवले आणि सुरीसुद्धा बदलली. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "आमचंही नव्या मोज्यांनीच करा." त्यांच्यामागचे गृहस्थ म्हणाले, "आमचंही." आईने तोवर त्याचं गाव (औशाजवळचं), आईबाप काय करतात आणि रात्री जेवतो कुठे, एवढं काढून घेतलं होतं. रात्री तो सँडविच खात नाही. मेस लावली आहे. मेसची आमटी पाणचट असते म्हणाला. आईने मान डोलावली. पोरगं घरंदाज निघालं.

"काय काय घालू, आज्जी?"

"तुला काय चांगलं लागतं ते घाल," आई म्हणाली.

पन्नास वर्षांत कॉलेज, बँक आणि मॉल या तिन्ही ठिकाणी मला जे सुचलं नाही, ते तिने एका वाक्यात करून टाकलं. दोष तिने काचेपलीकडे, जिथला तिथे परत पाठवला होता. मुलगा क्षणभर बावरला, मग मन लावून सँडविच रचू लागला. ऑलिव्ह मी मोजले. अकरा.

टेबलावर आईने आधी पावाला वीत लावली. "वीतभरसुद्धा नाही." मग एक घास घेतला, सावकाश चावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"हा पाव नाही," ती म्हणाली. "हा गोड आहे. केकचा भाऊ आहे हा."

मुलीने लगेच फोन काढला. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, तू आयर्लंडला हवी होतीस." २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. सँडविचच्या एका साखळीचा (ती वेगळी, हे दुकान त्यातलं नव्हे) तिथला एक दुकानदार म्हणत होता, पाव हे रोजचं अन्न, त्यावर कर कसला घेता? कायदा म्हणत होता, पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त साखर असेल तर या सवलतीपुरता तो पाव धरायचा नाही. या पावात निघाली १० टक्के. न्यायालयाने दुकानदाराला सांगितलं, कर भरा.

"त्यांना कोर्टात जावं लागलं?" आईने विचारलं. "एक घास खायचा की."

अर्धं सँडविच उरलं. आईने ते कागदात बांधून घरी आणलं. मुलीचंही उरलं होतं, तेही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचा आवाज आला. हिंग, हळद, कढीपत्ता, भरपूर कांदा, आणि त्यात कुस्करलेला तो इटालियन नागरिक. त्याच्या आतलं पनीर, काकडी, 'ते काळे मणी', सगळं बारीक करून आत. वर खोबरं-कोथिंबीर. फोडणीच्या पावात आई नेहमी चिमूटभर साखर घालते. ती लागली नाही म्हणाली.

मी बशी घेतली. पहिला घास घेतला. छान झाला होता, कबूल करायला हवं. पण कित्येक दिवसांनी माझ्यासमोर असं काहीतरी होतं ज्यात माझा काडीचा हात नव्हता. कुणी मला विचारलं नव्हतं, मी कशाला हो म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत जरा रेलून बसलो.

"आई, मीठ थोडं कमी पडलंय."

आईने कढईतून मान वर केली नाही.

"मग काय, तुला विचारून घालू?"