खुलासा : ‘कुपोषणाचं पाकीट म्हणजे नुसता शेंगदाण्याचा कूट’?

‘देणगीच्या पैशातून आफ्रिकेत कुपोषित बाळांना देतात त्या पाकिटात नुसता कूट असतोय, घरचा लाडू चारा, काम भागतंय’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. अर्धवट आहे. ९२ ग्रॅमच्या त्या पाकिटात शेंगदाण्यासोबत दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, खनिजं असतात. सुमारे ५०० कॅलरी. पाणी घालावं लागत नाही, म्हणून जंतूंची धास्ती कमी. लाडू चांगलाच, पण तीव्र कुपोषणावरचा उपचार नव्हे. (धडधाकट पोराला पाकीट चारायचंही कारण नाही.) सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर अंगणवाडीताईंना गाठा. दोन्ही पावलं सुजून अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहत असेल, किंवा बाळ खातच नसेल, तर थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.