केस काळे करणारं चिनी मूळ: मेसेजमध्ये न सांगितलेलं

‘केस पिकले? चीनचं हो शौ वू घ्या. रोज दोन चमचे पूड, तीन महिन्यांत केस काळेभोर. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीने सिंगापूरच्या बहिणीला लगेच दोन डबे आणायला सांगितले. मावशीला फॅटी लिव्हर आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

साइड इफेक्ट शून्य? धडधडीत खोटं. या मुळाने यकृताला सूज येते, कावीळ होते. बहुतेक जण पूड बंद केल्यावर बरे होतात, पण काहींचा जीव गेल्याच्याही नोंदी आहेत. हे पाश्चात्त्यांचं कारस्थान म्हणणाऱ्यांनी ऐकावं: २०१४ मध्ये खुद्द चीनच्या औषध नियामकाने हा इशारा दिला. आरोग्यपूरक उत्पादनांमध्ये कच्च्या मुळाची रोजची कमाल मात्रा १.५ ग्रॅम, प्रक्रिया केलेल्याची ३ ग्रॅम ठरवली. यकृताचा आजार असलेल्यांनी, आणि घराण्यात तो असलेल्यांनीही, घेऊ नये असं लेबलवर छापायला लावलं. आता दोन चमचे पूड वजनकाट्यावर टाकून बघा. शिवाय एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना धोका बराच जास्त, हे चिनी संशोधकांनीच दाखवलंय. आपल्यात तो आहे की नाही, हे मावशीला कुठून कळणार?

‘हजारो वर्षांचा वापर आहे’ असंही लोक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य. चिनी वैद्य हे मूळ काळ्या सोयाबीनच्या काढ्यात शिजवून वापरतात, त्याने कच्च्या मुळाचा रेचकपणा कमी होतो. पण शिजवलेल्या मुळानेही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. आणि केसांचं म्हणाल, तर आधार मुख्यतः चीनच्या थांग राजवटीतल्या एका कथेचा: हो नावाचा माणूस १३० वर्षं जगला, तरी केस काळेच. माणसांवरच्या नीट चाचण्यांत हे सिद्ध झालेलं नाही.

मेसेजमधला माणसाच्या आकाराच्या मुळाचा फोटोही तसलाच. अशी मुळं साच्यात वाढवून किंवा दुसराच कंद कोरून विकतात.

कुणी ही पूड आधीच घेत असेल तर आजच बंद करा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना उडाली, तर पुडीचं पाकीट घेऊनच डॉक्टरकडे जा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. पाकीट दाखवायला लाजू नका. बरेच जण ‘ते काय औषध थोडंच’ म्हणून सांगतच नाहीत, आणि डॉक्टर भलतंच कारण शोधत बसतात.